ज्याच्या त्याच्या वेटाळाचा भोंगा

बोरखडीत दिलेल्या शब्दाचे तीन दर्जे होते. घरात दिलेला शब्द जेवणाची ताटं उचलेपर्यंत टिकायचा. पारावर दिलेला शब्द पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत ओढूनताणून न्यायचे. भोंग्यावर दिलेला शब्द मात्र फिरवता येत नसे.

असा कायदा कोणी केला नव्हता. वरच्या वेटाळातल्या, म्हणजे वरच्या आळीतल्या, जानरावांच्या वडिलांमुळं तो आपसूक झाला. गुरुकुंज मोझरीहून भजनाची मंडळी आली होती. त्यांच्यापुढं म्हातारबुवांना भरतं आलं आणि त्यांनी लाउडस्पीकरवर सांगून टाकलं, "देवळाले पितळी घंटा मी देतो!" सकाळी भरतं ओसरलं, पण तोवर आवाज वलगावच्या रस्त्यापर्यंत जाऊन पोचला होता. मग जो भेटेल तो रामराम न घालताच विचारी, "घंटा आली काय जी?" म्हातारबुवांनी आधी पारावर बसणं सोडलं, मग शेतात जाणं सोडलं आणि शेवटी घंटा आणली. तेव्हापासून बोरखडीतला शहाणा माणूस भोंग्यापुढं उभा राहिला, की पाऊसपाण्यावर बोलू लागे.

सरपंच खुशालराव हे गावातले सगळ्यात शहाणे. पंचायत समित्या नव्यानं निघाल्या, त्या वर्षी ते निवडणुकीला उभे होते. त्याच वर्षी गावाला सरकारातून पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर झाली. खुशालरावांनी ती तीन ठिकाणी दिली. वरच्या वेटाळात जानरावांच्या ओसरीवर सुपारी कातरता कातरता दिली. माळीपुऱ्यात पुंजारामच्या बगीच्यात संत्रं सोलता सोलता दिली. आणि नाल्याकाठच्या बुद्धवस्तीत उभ्याउभ्याच दिली, कारण तिथं त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. खोदकाम सुरू होईपर्यंत मतदान होऊन जाणार होतं. एका विहिरीत तीन वेटाळांचं समाधान मावतं, हे ती मंजूर करणाऱ्या इंजिनीयरालाही ठाऊक नसावं.

विहीर खरोखर कोणाला हवी होती, हा प्रश्न अवघड नव्हता, म्हणून तो कोणी विचारला नाही. नाल्याकाठच्या बायका पूर्वी गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन, कोणीतरी वरून पाणी वाढेल या आशेवर उभ्या राहत. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी उभं राहणं सोडलं. नाल्याच्या वाळूत झिरा खोदायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची, हे पत्करलं. गावाला तो उद्धटपणा वाटला. चैत्रात झिरे आटत आणि मग बायका दोन शेतं ओलांडून जात. उरलेल्या दोन वेटाळांकडं विहिरी होत्या. त्यांना ही विहीर एवढ्यासाठीच हवी होती, की ती समोरच्याला मिळू नये.

वस्तीतली चतुराबाई एके दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. पन्नाशीची बाई, निंदणीच्या बायांची टोळी चालवायची. वस्तीतली मतं ती म्हणेल तिकडं जातात असा बोभाटा होता, आणि या खेपेला निवडणूक अटीतटीची होती.

"जयभीम, पाटील. इहीर आमच्या वस्तीत देता म्हनता."

"देतो म्हंजे? दिली समजा."

"मंग भोंग्यावर बोला."

खुशालरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "चतुराबाई, माह्या जबानवर इस्वास नाही काय?"

"जबानवर हाय जी. ते कोठी कोठी जाऊन बसते, त्याच्यावर नाही."

ही मागणी वरच्या वेटाळात पोचली. जानराव म्हणाले, "बोलूच द्या भोंग्यावर. आपलंच नाव घेतीन." माळीपुऱ्यात पुंजारामही तेच म्हणाला. आता सभा घेणं भाग होतं.

भोंगे अमरावतीच्या अब्दुल रहीमचे. तीस वॅटची मशीन, मोटारीच्या बॅटरीवर चालणारी, आत काचेचे वॉल्व्ह निखाऱ्यासारखे पेटत. रहीम तिला बेगम म्हणायचा आणि तिच्याविषयी बोलताना स्वतःचीच तारीफ करायचा. "अकोल्याच्या मैदानात म्या बेगमचं बटन दाबलं, तं पातूरच्या लेन्यातले वटवाघूळ उडाले," असं तो पातूरच्या माणसांसमोरसुद्धा सांगे.

बेगमच्या पाठीला चार भोंग्यांपुरती जागा काढलेली होती. चार जोडले की चौघांत ताकद नीट वाटली जायची आणि गाव दणाणायचं. बोरखडीला वेटाळं तीन आणि सभेचा मांडव एक; म्हणजे हिशेब देवानंच जुळवून दिला होता. असे जुळलेले हिशेब बोरखडीला सहन होत नसत.

"आमचं वेटाळ लांब हाय," जानराव म्हणाले. "एका भोंग्यात काय होते? मांडवातला काहाडा अन् आमच्याकडे लावा. मांडवात बसनाऱ्याले तसंबी आयकू येते."

मांडवातला भोंगा वर गेला. पुंजाराम लगेच हजर. "लांब असन त्याईचं. आमचं रुंद हाय!"

रहीमनं हात वर केले. "पाचवा नाही चालत, पुंजारामभाऊ. बेगम रुसते."

"रुसली तं समजावा. भाडं तं भोंग्यामागं घेता ना?"

हे रहीमच्या ध्यानात होतंच. तो अकोल्याला मेव्हण्याकडं गेला आणि आणखी भोंगे घेऊन आला. बेगमविषयीची त्याची काळजी सहाव्या भोंग्यापाशी संपली. माळीपुऱ्यात तीन लागले म्हणून वरच्या वेटाळानं चार मागितले. जानरावांच्या व्याह्यांच्या दारावर एक लागला. ते त्या दिवशी गावातही नव्हते. एक देवळावर चढला. वस्तीसाठी उरला तो एका बाजूनं चेपलेला, आणि त्याची तारही अपुरी पडली. पुंजारामचा गडी सहदेव तो घेऊन गेला आणि वस्तीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबावर बांधून आला. झाडाला वळसा घालायचा त्याला कंटाळा आला, त्यामुळं भोंग्याचं तोंड गावाकडं आणि पाठ वस्तीकडं झाली.

चतुराबाईनं खालून पाहिलं. "काहून रे सहदेवा, भोंगाबी आमच्याकडे पाठ करून बसला काय?"

"आवाज मांगूनबी येते, माय," सहदेव म्हणाला आणि झटक्यात उतरून गेला.

सभेच्या संध्याकाळी मांडवात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. सभेला यायचं म्हणजे आपल्या वेटाळातल्या आपल्या भोंग्याखाली सतरंजी टाकून बसायचं, असं गावानं ठरवून टाकलं होतं. स्वतःचा भोंगा असताना मांडवात जाऊन बसणं म्हणजे घरी चूल असताना शेजारी जेवायला जाणं. मांडवात आली ती एकटी चतुराबाई आणि मारुतीच्या देवळातलं एक कुत्रं.

खुशालरावांनी माइकच्या दांडीसमोर उभं राहून बोलायला सुरुवात केली. बेगमची ताकद दहा भोंग्यांत वाटली गेली आणि लांबलांब तारांनी उरलेली वाटेत खाल्ली. वॉल्व्ह लालभडक झाले, आतून लाखेचा वास येऊ लागला. रहीमनं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि आतल्या तापलेल्या लोखंडावर ओलं फडकं टाकलं. प्रत्येक वेटाळात माठात अडकलेल्या माशीसारखा काहीतरी आवाज आला. खुशालराव तासभर पावसावर बोलले, पऱ्हाटीवर बोलले, देशापुढल्या संकटांवर बोलले आणि विहिरीचं नावसुद्धा न काढता बसले.

बसले ते भीतभीतच. आता जानराव येतील, पुंजाराम येईल, जाब विचारतील. दोघंही आले, पण हार घेऊन.

"वा, खुशालभाऊ! शब्द राखला. आमच्या वेटाळाचं नाव घेतलं तवा माह्या आंगावर काटा आला."

पुंजारामनं तर मिठीच मारली. त्याला माशीच्या गुणगुणीत 'इहीर' आणि 'माळीपुरा' हे दोन्ही शब्द साफ ऐकू आले होते. ऐकू न आलेल्या भाषणात दोष काढता येत नाही. उलट ज्याला जे हवं ते त्यात सापडतं. खुशालरावांना आयुष्यात पहिल्यांदा विद्येचं महत्त्व पटलं. ही विद्या लाउडस्पीकरची होती, एवढाच फरक.

एकटी चतुराबाई हार न आणता आली. "मी पुढं बसलो होतो, पाटील. तुमी पान्यावर बोलले, पन वरून पडते त्या."

"पुढच्या सभेत घेऊ ना विषय."

"घ्याच. आमी साऱ्या बाया पुढं येऊन बसतो. भोंग्याच्या दांडीसमोर तोंड ठेवून बोला, आमच्याकडे पाहून. नाही बोलले तं आमचे मतं तिकडच्या उमेदवाराले. त्याले भोंगा नाही, पन तो एकच खोटं बोलते."

खुशालराव विचारात पडले, आणि मग हळूहळू हसू लागले. बायका मांडवात, अगदी पुढ्यात. त्यांना नुसत्या तोंडचा आवाज ऐकू येणार. बाकी गाव आपापल्या भोंग्याखाली माशी ऐकत बसणार. वस्तीला शब्द मिळाला आणि गावाला तो कळलाच नाही, असं होण्यात अडचण काय होती? मतं पडली की पुढचं पुढं. त्यांनी रहीमला बोलावून घेतलं.

"रहीमभाई, या खेपेला अजून भोंगे लावा."

"पाटीलसाब, बेगम मरन!"

"मराले कोन सांगते? नुसती हयू, बारक्या आवाजात बोलू द्या तिले."

"अजी, आवाज म्हंजे काय समजले तुमी? पानी हाय पानी! मोट एक, अन् तुमी पाट पाडून राहिले घरोघरी. कोन्याच झाडाच्या बुडाशी थेंब पोचत नाही मंग." रहीम वैतागून मोठ्यानं बोलत होता; हळू बोलणं त्याला येतच नसे.

दारात पुंजाराम उभा होता. तो बगीचेवाला. तीस वॅट त्याला कळले नव्हते, पण मोट आणि पाट त्याला जन्मापासून कळत होते. त्यानं फक्त एकच गोष्ट विचारली.

"वरच्या वेटाळानं किती पाट घेतले?"

"पाच."

"आन् आमचे तीन! म्हंजे आमचं पानी पयवून राहिले हे!"

हे त्या क्षणापासून गावभर झालं. कमी भोंगे लावले तर आवाज वाढेल, एवढा सरळ अर्थ कोणी काढला नाही. बोरखडीनं काढलेला अर्थ असा, की आपला पाट उघडा ठेवायचा आणि दुसऱ्याचा गुपचूप बुजवायचा. बगीच्यात तेच चालत आलं होतं. जानरावांच्या ओसरीवरही त्याच संध्याकाळी तोच ठराव झाला.

मतदानाच्या आधीची शेवटची सभा भरली. दिवस मावळतीला गेला होता, गाडीवाट धुळीनं भरलेली, बैल घरी पोचलेले. मांडवात नाल्याकाठच्या सगळ्या बायका पुढं बसल्या होत्या. मागं एकही माणूस नाही. भोंगे आता मोजण्यापलीकडं गेले होते. रहीमनं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं आणि तो फडकं ओलं करत बसला होता.

खुशालराव पावसापासून सुरू झाले. इकडं सहदेव विळा घेऊन वरच्या वेटाळाच्या मागल्या बाजूनं निघाला. त्याच वेळी जानरावांचा गडी मालकाचा अडकित्ता कनवटीला लावून माळीपुऱ्याकडं निघाला. वाटेत चिंचेखाली दोघं समोरासमोर आले.

"कोठी चालला बे, सहदेवा?"

"म्हैस पाहाले. आन् तू?"

"म्याबी म्हैसच पाहून राहिलो."

दोघं आपापल्या म्हशींकडं गेले.

सहदेवनं पहिली तार कापली. वरच्या वेटाळातला एक भोंगा बंद झाला आणि माळीपुऱ्यात माशीची गांधीलमाशी झाली. पुंजाराम सतरंजीवरून उठून बसला. "आलं, आलं! पानी आलं!" तिकडं अडकित्ता चालला आणि जानरावांच्या दारावर आवाज चढला. जानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पायलं? आता आयका." दोन्हीकडं जसजसा आवाज वाढे, तसतसा दोन्ही गड्यांचा हुरूप वाढे. आपलं काम फळाला येतंय, असंच दोघांना वाटत होतं. थोडा वेळ असा आला, की दोन्ही वेटाळांत खुशालराव देशापुढल्या संकटांविषयी स्वच्छ बोलताना ऐकू आले. कोणी लक्ष दिलं नाही. सगळे आवाज चढल्याच्या आनंदात होते. मग एका वेटाळात शेवटची तार कापली गेली, आवाज तुटला आणि पाठोपाठ दुसऱ्यातही. देवळावरचा भोंगा कोणत्या वेटाळाचा यावर एकमत नव्हतं, म्हणून दोघांनीही त्याची तार कापली.

नाल्याकाठच्या चेपलेल्या भोंग्याला कोणी हात लावला नाही. त्यांच्याशी चढाओढ करावी, एवढा मान गावानं वस्तीला कधी दिलाच नव्हता. त्यांचं पाणी तोडायला हवं, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

मांडवात यातलं काही कळत नव्हतं. तिथं भोंगा नव्हता आणि बोलणाऱ्याला स्वतःच्या तोंडचाच आवाज मोठा वाटतो. रहीमला तेवढं दिसलं, की वॉल्व्हांची लाली उतरून ते पुन्हा शांत पेटले आहेत. तो फडकं हातात धरून चकित झाला होता. इतक्यात खुशालरावांनी घसा साफ केला, पुढं वाकले आणि बायकांकडं पाहून मऊ आवाजात म्हणाले,

"सरकारातून आलेली इहीर मी, खुशालराव, नाल्याकाठच्या वस्तीतच खोदून देतो. हा माहा शब्द."

चतुराबाई उठून उभी राहिली. "आन् वरच्या वेटाळाले अन् माळीपुऱ्याले देतो म्हटलं, त्याचं काय जी?"

"त्याईले कोन देते, बाई! मतं पडेपावेतो झुलवत ठेवलं झालं. जानरावाले काय, घोटभर चहा अन् दोन शब्द गोड बोललं, की तो खूश. आन् पुंजारामाले तं तेवढंबी लागत नाही."

तीस वॅटची पूर्ण ताकद एकट्या चेपलेल्या भोंग्यात शिरली होती आणि बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. कडुनिंबावरचे बगळे उडाले. भोंग्याचं तोंड गावाकडंच होतं. 'तेवढंबी लागत नाही' हे शब्द वरच्या वेटाळाच्या भिंतीवर आपटून माळीपुऱ्यात गेले आणि तिथून परत मांडवात आले. खुशालराव दचकले.

"हे कोन बोललं?" त्यांनी विचारलं.

तेही गावभर ऐकू गेलं.

"वा, माही बेगम!" रहीम ओरडला. बटण कमी करायचं त्याच्या लक्षातच नव्हतं. वटवाघळं उडवल्याच्या गोष्टी सांगत फिरणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच खरोखर काहीतरी उडताना पाहिलं होतं. "पाटीलसाब, अजून बोला, अजून बोला!"

 खुशालरावांनी आवाज दाबायला दांडीवर हात ठेवला, तर तोही धाडकन् गावभर वाजला.

दोन्ही बाजूंनी माणसं धावत आली. जानराव पुढं, पुंजाराम पुढं. दोघंही खुशालरावांना ओलांडून एकमेकांसमोर उभे राहिले.

"माह्या वेटाळाच्या तारा कोनं तोडल्या?"

"आन् माह्या?"

थोडा वेळ तारांचंच चाललं. अडकित्ता पुराव्यादाखल दाखवण्यात आला. तो जानरावांचाच असल्यानं त्यांनी तो परत कनवटीला लावून घेतला. मग कोणाला तरी आठवलं, की मघाशी विहिरीचंही काहीतरी झालं.

"खुशालभाऊ," जानराव वळले, "घोटभर चहा?"

"अजी, ते मशीनची चूक झाली..."

"बेगम झूट नाही बोलत!" रहीमनं तिथूनच सांगितलं. "तिच्यात जे घातलं तेच निघते."

खुशालरावांकडं बचाव होता. पण तो एकच होता आणि तो असा, की हे तुम्हाला ऐकू जाणार नाही, असं समजून मी बोललो. तो सांगता येण्यासारखा नव्हता. त्यांनी एकदा जानरावांकडं पाहिलं, एकदा पुंजारामकडं, आणि शेवटी नाइलाजानं चतुराबाईकडं.

"भोंग्यावर बोलले, पाटील," ती म्हणाली. "साऱ्या गावानं आयकलं. आमी तं नुसत्या पुढं बसलो होतो."

गावानं माना हलवल्या. भोंग्यावरचं ते भोंग्यावरचं. जानरावांनी जरा विचार केला आणि पुंजारामला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या. माळीपुऱ्याले तं नाही भेटली ना!" पुंजारामच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "वरच्या वेटाळालेबी नाही!" बरीच वर्षं एकमेकांकडं न पाहणारी ती दोन माणसं त्या आनंदात एकमेकांना तंबाखू देऊ लागली. विहीर गेल्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि वाटून घेतल्यावर त्यातलं काहीच उरलं नाही.

चतुराबाईनं मतदानाची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायांनी चुन्याची फक्की टाकून गोल आखला आणि खुशालरावांना बोलावणं पाठवलं. ते पांढरं धोतर नेसून, हार वगैरे असेल अशा अंदाजानं आले. हार नव्हता, कुदळ होती. सारं गाव पाहायला जमलं होतं. जानराव आणि पुंजाराम शेजारीशेजारी उभे होते.

खुशालरावांनी कुदळ उचलली आणि नारळ फोडायचा मान असतो, तशी अलगद जमिनीला टेकवली.

"जोरानं मारा, पाटील," चतुराबाई म्हणाली. "आयकू येऊन नाही राहिलं."